ज्युलिया (सेसमी स्ट्रीट)

ज्युलिया हे 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकी बाल-दूरचित्रवाणी मालिकेतील एक मपेट, म्हणजेच बाहुलीरूपातील पात्र आहे. तांबूस-केशरी केसांची आणि हिरव्या डोळ्यांची ही चार वर्षांची मुलगी स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. २०१५ मध्ये ती एका डिजिटल चित्रकथेतून वाचकांसमोर आली आणि १० एप्रिल २०१७ रोजी मालिकेत तिचे पदार्पण झाले. स्वमग्न मुलांना पडद्यावर स्थान देणे आणि इतर मुलांना अशा सवंगड्याला समजून घेऊन त्याच्याशी मैत्री करण्यास मदत करणे, असा या पात्रामागील दुहेरी हेतू आहे.

पार्श्वभूमी

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून तिचे स्वरूप व्यक्तिगणिक भिन्न असते. संवादाची निराळी पद्धत, हालचालींची पुनरावृत्ती, ठरावीक विषयांतील सखोल रस आणि आवाज, प्रकाश वा स्पर्श यांविषयीची कमी-अधिक संवेदनशीलता ही तिची सर्वसाधारण लक्षणे होत. समवयस्क मुले या लक्षणांचा अर्थ बहुधा आपापल्या समजुतीप्रमाणे लावतात. उत्तर मिळाले नाही की त्यांना तो तुसडेपणा वाटतो. हात फडफडवणारे मूल विचित्र वाटते. अशा गैरसमजांतून मूल खेळातून वगळले जाऊ शकते. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन, जे स्वतः स्वमग्न आहेत, त्यांनी २०१२ मध्ये 'दुहेरी समानुभूतीची समस्या' ही संकल्पना मांडली. तिच्यानुसार हा दुरावा एकट्या स्वमग्न व्यक्तीच्या उणिवेमुळे निर्माण होत नाही, तर दोन्ही बाजूंना एकमेकांचे जगणे अपरिचित असल्यामुळे निर्माण होतो.

१९६९ मध्ये सुरू झालेल्या 'सेसमी स्ट्रीट'मध्ये अपंगत्व असलेल्या व्यक्तींना स्थान देण्याची परंपरा जुनी आहे. कर्णबधिर अभिनेत्री लिंडा बोव्ह यांनी १९७० च्या दशकापासून या मालिकेत काम केले.

निर्मिती

ऑक्टोबर २०१५ मध्ये 'सेसमी वर्कशॉप' या निर्मितीसंस्थेने स्वमग्नतेविषयी एक उपक्रम सुरू केला. त्यातील 'वुई आर अमेझिंग, १, २, ३!' या लेस्ली किमेलमन लिखित चित्रकथेत ज्युलिया प्रथम दिसली. या कथेत एल्मो हा ज्युलियाचा जुना मित्र तिच्या वागण्यामागील कारणे ॲबी कॅडॅबीला समजावून सांगतो.

दूरचित्रवाणीवर ज्युलियाची बाहुली स्टेसी गॉर्डन साकारतात. त्यांचा मुलगा स्वमग्न आहे. त्याच्या वर्गमित्रांनी असे वर्तन आधी पडद्यावर पाहिले असते, तर प्रत्यक्षात ते पाहून ती मुले घाबरली नसती, असे मत त्यांनी मांडले आहे.

'मीट ज्युलिया'

क्रिस्टीन फेरारो यांनी लिहिलेल्या या पहिल्या भागात बिग बर्ड ज्युलियाला अभिवादन करतो, परंतु ती प्रतिसाद देत नाही. आपण तिला आवडलो नाही, असा तो समज करून घेतो. त्यावर ॲलन हा प्रौढ शेजारी त्याला सांगतो, की ज्युलिया स्वमग्न आहे आणि तिला उत्तर द्यायला कधीकधी अधिक वेळ लागतो. पुढे सायरनचा आवाज असह्य होऊन ती कान झाकून घेते, तेव्हा तिला शांत ठिकाणी नेले जाते. पकडापकडी खेळताना ती आनंदाने उड्या मारू लागते. तिला थांबवण्याऐवजी तिचे मित्रही उड्या मारू लागतात आणि उड्या मारत पकडापकडी खेळण्याचा नवा खेळ तयार होतो.

या कथानकात ज्युलियाचे वागणे बदलत नाही. बदलतात ते बिग बर्डचा समज आणि खेळाचे नियम. वाट पाहणे, वागण्याचे कारण जाणून घेणे, नकोसा आवाज वा स्पर्श टाळणे आणि तिच्या आवडीचा खेळात समावेश करणे, या लहान मुलांना सहज जमणाऱ्या कृतींतून मैत्री दाखवली आहे.

एप्रिल २०१९ मध्ये मालिकेत ज्युलियाच्या आईवडिलांची, सॅम या भावाची आणि रोझ या कुत्रीची ओळख करून देण्यात आली.

प्रभाव

जॉर्जटाउन विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी या उपक्रमाच्या संकेतस्थळाचा अभ्यास केला. ते पाहिल्यानंतर स्वमग्न नसलेल्या मुलांच्या पालकांचे स्वमग्नतेविषयीचे ज्ञान आणि स्वमग्न मुलांविषयीचा स्वीकार यांत अल्प परंतु लक्षणीय वाढ आढळली.

वाद

ज्युलियाच्या निर्मितीत 'ऑटिस्टिक सेल्फ ॲडव्होकसी नेटवर्क' या स्वमग्न व्यक्तींनी चालवलेल्या संस्थेचा सल्ला घेण्यात आला होता. २०१९ मध्ये 'ऑटिझम स्पीक्स' या संस्थेच्या लवकर निदानाविषयीच्या जाहिरातींत ज्युलियाचा वापर झाला. त्या जाहिराती पालकांना ज्या माहितीसंचाकडे वळवत होत्या, त्यात मुलाच्या निदानाकडे शोकाच्या दृष्टीने पाहिले आहे, असा आक्षेप घेऊन नेटवर्कने ऑगस्ट २०१९ मध्ये 'सेसमी वर्कशॉप'शी असलेले सहकार्य थांबवले. जे पात्र मुलांना आपल्या सवंगड्याला आहे तसे स्वीकारायला शिकवते, त्याच पात्राच्या माध्यमातून पालकांपर्यंत याच्या विपरीत संदेश पोहोचू नये, असा या आक्षेपाचा आशय होता.