फासेपारधी, माळरान आणि कारंजा लाडची ‘संवेदना’

संवेदना, कारंजा (लाड) : वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथील स्वयंसेवी संस्था. वाशीम आणि अकोला या शेजारी जिल्ह्यांतील फासेपारध्यांबरोबर, त्यांच्याच रानज्ञानाच्या आधाराने, माळराने आणि तणमोर हा पक्षी राखण्याचे काम ती करते. कौस्तुभ पांढरीपांडे हे या कामाचे प्रमुख कार्यकर्ते. नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून कारंजा महाराष्ट्राला ठाऊक आहे; त्याच परिसरातल्या पारधी बेड्यांची ओळख बाहेरच्यांना होते ती मात्र बहुधा पोलिसांच्या बातमीतून. या नोंदीत संस्थेपेक्षा समाजाबद्दल अधिक लिहिले आहे, कारण तो कळल्याशिवाय हे काम कळत नाही.

बंजाऱ्यांचा तांडा, तसा विदर्भात पारध्यांचा बेडा. गावाबाहेर, बहुधा ई-वर्गाच्या म्हणजे गायरानाच्या जमिनीवर, दहा-वीस पाले किंवा कुडाची घरे. फासे लावून शिकार करणारे ते फासेपारधी. पूर्वी राजेरजवाड्यांसाठी चित्ते पाळून हरणांवर सोडणारे ते चितापारधी. फासेपारध्यांची घरातली बोली गुजरातीला जवळची, बाहेरची भाषा वऱ्हाडी. त्यांचे फासे चामड्याचे, तातीचे, केसांचे असत. तितरासाठी निराळे, लाव्यासाठी निराळे, हरणासाठी निराळे. शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने पाखरांच्या थव्याला फाशांकडे हळूहळू सरकवत नेणे ही त्यांची खास रीत. पाखराला माणूस दिसतच नाही, चरणारे जनावर दिसते. पाखराचे कान, वाऱ्याची दिशा, गवताची उंची, दिवसाचा प्रहर हे सगळे जमल्याशिवाय एकही तितर हाती लागत नाही. विद्यापीठात याला क्षेत्र-अभ्यास म्हणतात. बेड्यावरच्या पोराला हे आठ-दहा वर्षांचे होईतो येते.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्रातील फासेपारधी, नंदीवाले आणि वैदू यांच्या शिकारीचा अभ्यास करून 1980च्या दशकात तो प्रसिद्ध केला. हे तिन्ही समाज एकाच मुलखात फिरत, पण एकमेकांच्या सावजावर हात टाकत नसत. फासेपारध्यांकडे काळवीट आणि पाखरे, नंदीवाल्यांकडे साळिंदर, रानडुक्कर आणि घोरपड, वैदूंकडे लहान मांसाहारी प्राणी, अशी ती वाटणी होती. फाशात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर फासेपारधी ती सोडून देत, हेही त्या अभ्यासात नोंदले आहे. रान राखण्याची शिस्त या समाजाला बाहेरून कोणी शिकवायची होती असे म्हणणाऱ्याने ही नोंद जरूर वाचावी.

इंग्रजांनी मात्र या फिरत्या लोकांत गुन्हेगारच पाहिले. 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्याने, आणि पुढे त्याच्या 1911 व 1924च्या सुधारित रूपांनी, देशभरच्या अनेक जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. नाव नोंदवायचे, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय हद्द ओलांडायची नाही. हा कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, म्हणूनच तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि संशयाची नजर तीच राहिली. परिसरात चोरी झाली की पहिली धाड बेड्यावर, हा अनुभव आजच्या पिढीलाही नवा नाही.

बरोबर वीस वर्षांनी, 1972 साली, वन्यजीव संरक्षण कायदा आला. तो आवश्यकच होता. पण जन्माने गुन्हेगार हा शिक्का कागदावरून पुसून वीस वर्षे होतात न होतात तोच पारधी धंद्याने गुन्हेगार ठरला, आणि दुसरा धंदा कोणी दिला नाही. जमीन नाही, सातबारा नाही, शाळेचा दाखला नाही. महाराष्ट्रात पारधी, फासेपारध्यांसह, अनुसूचित जमातींत मोडतात. तरी जातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांना 1952 पर्यंत हजेरीपटाखेरीज कोणत्याच कागदावर जागा नव्हती, त्यांच्याकडे तो कुठून असणार? म्हणून पारध्यांमध्ये काम करणाऱ्या कोणाचीही पहिली कित्येक वर्षे तहसील कार्यालयात जातात. आधी दाखला, मग शिधापत्रिका, मग घरकुल. हे काम फोटोत दिसत नाही, पण याच्याशिवाय आदिवासी विभागाची एकही योजना बेड्यापर्यंत पोचत नाही.

संवेदनेचे वेगळेपण यापुढचे आहे. ‘शिकार सोडा आणि मजुरीला लागा’ एवढेच सांगून हे काम थांबले नाही. ज्या माणसाला रान सर्वांत जास्त कळते त्यालाच रानाचा राखणदार करावे, हा विचार त्यामागे आहे. अकोला जिल्ह्याच्या बार्शीटाकळी तालुक्यातील वडाळा हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण. तिथल्या फासेपारध्यांनी समाजात बसून शिकार थांबवण्याचे ठरवले आणि भोवतालचे गवताळ रान राखायला घेतले. समाजाची बैठक हाच निर्णयाचा पाया असल्यामुळे तो टिकला, असे या लेखकाचे मत आहे. पारध्यांत पंचांचा शब्द वनरक्षकाच्या काठीपेक्षा जड असतो. याच पंचायतीने बायकांवर कठोर दिव्ये लादल्याचा इतिहासही आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. पण रानाच्या बाबतीत तिचा अधिकार उपयोगी पडला.

गवत राखणे म्हणजे काय, हे बाहेरच्यांना पटकन उमगत नाही. झाड लावले की दिसते, गवत राखले की फक्त गवत दिसते. पवन्या, मारवेल यांसारखी चांगली गवते सतत चरली गेली की बी धरत नाहीत, आणि त्यांच्या जागी जनावर तोंड लावणार नाही असे तण माजते. पावसाळाभर चराई रोखली, बी झडू दिले आणि मगच कापणी केली, तर दोन-तीन पावसाळ्यांत माळ पालटतो. उन्हाळ्यात वणवा लागू नये म्हणून जाळरेषा काढावी लागते. कापलेला चारा विकता येतो, आणि जनावरे असणाऱ्या शेतकऱ्याला तो हवाच असतो. पारध्याशी गावाचा संबंध असा संशयाकडून व्यवहाराकडे वळला, तर ती छोटी गोष्ट नव्हे.

या गवतातच तणमोर असतो. माळढोकाच्या कुळातला, पण कोंबडीएवढा पक्षी. पावसाळा सुरू झाला की नराचा रंग काळा होतो, डोक्यामागे फितीसारखी पिसे येतात, आणि मादीला दिसावे म्हणून तो गवतातून सरळ वर उडी मारतो; दिवसाला शेकडो वेळा. त्याचे अंडी घालणे, पिले वाढवणे सगळे जमिनीवर, गवताच्या आडोशाने. उडीची जागा ठरलेली असते, हे फासेपारध्यांना पूर्वीपासून ठाऊक होते, आणि फासे तिथेच लागत. आज तीच माहिती पक्षी मोजायला लागते. 2021 साली तणमोराचा समावेश जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत झाला. अकोला-वाशीमचा पट्टा हा महाराष्ट्रात तो अजून दिसतो अशा मोजक्या जागांपैकी एक.

कारंजा तालुक्यात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, 2000 साली घोषित झालेले, 18.32 चौ. किमी.चे. पण तणमोर अभयारण्याची हद्द पाळत नाही. तो ई-वर्गाच्या माळावर येतो, पडीक रानात येतो, सोयाबीनच्या वावरातही येतो. त्यामुळे त्याला वाचवणे हे वनखात्याइतकेच ग्रामसभेचे काम ठरते. 2006चा वनहक्क कायदा वनजमिनीवर सामूहिक वनसंपत्ती राखण्याचा हक्क ग्रामसभेला देतो. 2002च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही करता येते. ई-वर्गाचा माळ मात्र महसुली कागदांत ‘पडीक’ म्हणून नोंदला जातो. पडीक म्हटले की कोणी नांगरतो, कोणी वृक्षारोपणाचे खड्डे खणतो. चांगल्या गवताच्या माळावर झाडे लावणे हे भले काम नाही; ते तणमोराचे घर मोडणे आहे. ही चूक सरकारी मोहिमांत आणि शाळांच्या उपक्रमांत, दोन्हीकडे, सद्हेतूने होते.

पारध्यांसाठी महाराष्ट्रात इतरत्रही काम उभे राहिले. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा मुलांचा प्रकल्प गिरीश प्रभुणे यांच्यामुळे ओळखला जातो. त्यांना 2021 साली पद्मश्री मिळाली. वाशीमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात, मंगरूळ चव्हाळा येथे, मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने नोकरी सोडून भीक मागणाऱ्या मुलांसाठी 2012 साली शाळा काढली आणि तिला ‘प्रश्नचिन्ह’ असे नाव दिले. 2019 साली समृद्धी महामार्गाच्या कामात त्या शाळेचे काही बांधकाम पाडले गेले. यमगरवाडी आणि प्रश्नचिन्ह मुलांपासून सुरुवात करतात. संवेदना मोठ्यांच्या ज्ञानापासून. दोन्हींची गरज आहे. पण बापाला येते ते सगळे टाकाऊ, असे शाळेत शिकून घरी आलेले पोर बेड्यावरही रमत नाही आणि गावातही नाही. म्हणून कारंज्याची वाट या लेखकाला अधिक मोलाची वाटते.

या वाटेलाही मर्यादा आहेत. राखणदारीला ठरलेला पगार नाही. चाऱ्याचे उत्पन्न हंगामापुरते असते. उरलेले महिने मजुरी, आणि मजुरीसाठी परगावी जाणेही. एखाद्या बेड्याने शिकार सोडली तरी शेजारच्याने सोडली असेल असे नाही. माळ ज्या जमिनीवर आहे तिची मालकी राखणाऱ्याची नसते. दहा वर्षे राखलेले गवत एका अतिक्रमणात जाऊ शकते.

वाचकाला एक विनंती. जुलै ते सप्टेंबर हा तणमोराच्या विणीचा काळ. कारंजा, मंगरूळपीर किंवा बार्शीटाकळी भागात गवतातून काळा पक्षी उडी मारताना दिसला, तर गाडी गवतात घालू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये आणि जागेचा पत्ता समाजमाध्यमांवर टाकू नये. जवळच्या बेड्यावर सांगावे. त्यांना तो आधीच दिसलेला असेल.