बंदूक ठेवून कॅमेरा घेतला

शंभर वर्षांपूर्वी वाघ दिसला की साहेबलोकांचा हात बंदुकीकडे जाई. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन मात्र रानात कॅमेरा घेऊन हिंडत. ते धंद्याने छायाचित्रकार नव्हेत. संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, वनखात्यात अधिकारी होते. फोटो हा त्यांचा निव्वळ छंद!

वाघ हिंडतो बहुधा रात्री, अन् कॅमेऱ्याला तर उजेड हवा. मग करायचे काय? चॅम्पियन वाघाच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवीत. तारेला पाय लागला, की मॅग्नेशियमची भुकटी भपकन पेटे आणि फोटो निघे. म्हणजे वाघ स्वतःच आपला फोटो काढी म्हणा ना! पण वाघाआधी दुसरेच जनावर त्या वाटेने गेले, की त्या रात्रीचा डाव संपला. असे कितीदा तरी हात हलवीत परतावे लागे. अखेर १९२५ साली लंडनच्या एका नामांकित सचित्र साप्ताहिकात त्यांनी टिपलेले वाघ झळकले, आणि १९२७ साली पुस्तकही निघाले.

फोटो ताडून पाहताना त्यांच्या ध्यानी आले, की प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात. आपल्या अंगठ्याच्या ठशासारखेच. आज आपल्या ताडोबात, मेळघाटात आपोआप चालणारे कॅमेरे लावून वाघ मोजतात, ते याच खुणेवरून. बंदुकीने वाघाचे नुसते कातडे हाती आले असते. कॅमेऱ्याने वाघ ओळखीचा झाला, आणि रानातही राहिला. गुरुजींनी मुलांना ही गोष्ट जरूर सांगावी.