डेन्व्हिलची कॅरेन

पार्सिपनीहून रूट ४६ ने पश्चिमेला निघालात की थोड्याच वेळात डेन्व्हिल येते. तिथले सेंट क्लेअर्स हॉस्पिटल तुमच्या ओळखीचे असेल. कुणाच्या तरी बाळाला बघायला तुम्हीही गेला असाल. १९७५ साली याच हॉस्पिटलात कॅरेन अ‍ॅन क्विन्लन ही २१ वर्षांची मुलगी व्हेंटिलेटरवर होती. एप्रिलमध्ये एका रात्री तिचा श्वास थांबला, मेंदूला प्राणवायू मिळाला नाही, आणि ती पुन्हा शुद्धीवर आलीच नाही.

आईवडील, ज्युलिया आणि जोसेफ, श्रद्धाळू कॅथलिक. कित्येक आठवडे वाट पाहून, आपल्या धर्मगुरूंशी बोलून ते म्हणाले, व्हेंटिलेटर काढा. डॉक्टर तयार होईनात. मुलगी सज्ञान, त्यामुळे बापालाच पालक नेमून घेण्यासाठी कोर्टात जावे लागले! मॉरिसटाउनच्या न्यायाधीशांनी नकार दिला. ३१ मार्च १९७६ रोजी न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. उपचार नाकारण्याचा हक्क रुग्णाचा आहे, आणि तिला बोलता येत नसेल तर तो तिच्या वतीने वडील वापरू शकतात. अट एवढीच, की ती शुद्धीवर येण्याची शक्यता नाही यावर डॉक्टर आणि हॉस्पिटलची एथिक्स कमिटी यांचे एकमत हवे.

व्हेंटिलेटर काढला. आणि कॅरेन स्वतःच श्वास घेऊ लागली. ११ जून १९८५ पर्यंत, म्हणजे आणखी नऊ वर्षे ती जगली. तिचे नळीतले अन्न बंद करा, असे आईवडिलांनी कधीच म्हटले नाही. यंत्र त्यांना जाच वाटत होता, अन्न नाही. तर्काने ही रेघ कुठेही ओढता येईल. पण लेकराच्या उशाशी बसून कोण तर्क करतो?

आपल्याकडची अरुणा शानबाग तुम्हाला आठवत असेल. १९७३ पासून ४२ वर्षे केईएममध्ये परिचारिकांनी तिला भरवले, पुसले, जपले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपचार थांबवण्याची वाट तत्त्वतः मोकळी केली, पण अरुणाच्या बाबतीतली याचिका फेटाळली. तिच्या वतीने बोलायचा हक्क न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला, आणि त्यांना ती जगायला हवी होती.

आमची लेक १८ वर्षांची होऊन रटगर्सला निघाली, तेव्हा राइस कुकर, चादरी, लोणच्याची बरणी, सगळे भरून झाले. हेल्थ केअर प्रॉक्सीचा कागद शेवटी आठवला. साक्षीला शेजारचे काका-काकू आले. सही करता करता तिने मान वर केली आणि विचारले, “आई, जेवणाच्या नळीचं काय लिहू?”