शहाण्याने परळची पायरी चढावी का?

आपल्याकडे एक म्हण आहे, सगळ्यांना पाठ असलेली: शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. गिरगावात, लालबागमध्ये, परळच्या चाळींमध्ये ही म्हण कुणाला पुस्तकातून शिकावी लागली नाही. भाड्याचा खटला आजोबांनी लढायला घेतला आणि नातवाच्या लग्नापर्यंत त्याच्या तारखा पडत राहिल्या, अशा घरांची इथे कमतरता नाही. तेव्हा आज आपण जो प्रश्न घेतला आहे तो वरवर पाहता अगदीच न शहाण्याचा वाटेल. पहिलं विमान उशिरा पोहोचलं, त्यामुळे पुढचं विमान चुकलं, आणि त्याचा जाब एवढ्या मोठ्या विमान कंपनीला विचारायचा. कुणी विचारायचा? कुठे? आणि उत्तर द्यायला ती कंपनी बांधील आहे का?

या तिन्ही प्रश्नांना इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा भाग याच आपल्या दोन-चार मैलांच्या पट्ट्यात घडला आहे.

'कुठे' या प्रश्नापासून सुरुवात करू. छोट्या रकमेच्या दाव्यांसाठी वेगळं, झटपट न्यायालय असावं ही कल्पना मुंबईत फार जुनी आहे. १७५३ च्या सनदेने कंपनी सरकारने मुंबईत 'कोर्ट ऑफ रिक्वेस्ट्स' आणलं. पाच पॅगोड्यांपर्यंतचे दावे तिथे चालायचे. पुढे १८५० च्या कायद्याने लघुवाद न्यायालयं आली आणि मर्यादा पाचशे रुपये झाली. १८८२ च्या प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट्स कायद्याने ती दोन हजारांवर नेली. धोबी तलावचं आपलं स्मॉल कॉज कोर्ट ते हेच. किराणावाल्याची उधारी, शिंप्याची मजुरी, मालाची किंमत, असे व्यवहार तिथे चटकन निकालात निघावेत हा मूळ हेतू होता.

पण १९४७ साली मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला आणि घरमालक-भाडेकरूंचे वाद याच न्यायालयाकडे गेले. शहरात जागेची टंचाई, पागडीचा व्यवहार, भाडं गोठलेलं. पाहता पाहता 'स्मॉल कॉज' या शब्दाचा मुंबईकरांच्या तोंडी अर्थच बदलला. छोट्या दाव्याचं कोर्ट हे घराचं कोर्ट झालं. ते काही वाईट झालं असं नाही, हजारो कुटुंबांचं छप्पर त्याने वाचवलं. पण बाजारात फसलेल्या, सेवेत नाडलेल्या माणसाला जायला जवळची जागा उरली नाही.

ती जागा पुन्हा मिळाली ती बाजारातून आणि स्वयंपाकघरातून. १९६६ मध्ये मुंबईत काही गृहिणींनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने महागाईविरोधात बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. बिंदुमाधव जोशी तिचे प्रणेते. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करून महिन्याचं सामान एकत्र घ्यायचं, हे तिचं पहिलं काम. वजन नीट आहे का, भाव बरोबर आहे का, हे विचारायची सवय तिथे लागली. आम्हाला वाटतं, पुढच्या सगळ्या कायद्याचं बीज या सवयीत आहे. तुरीच्या डाळीचा हिशेब मागणारा माणूस उद्या विमानाच्या तिकिटाचाही हिशेब मागतो.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्ह्याजिल्ह्यात ग्राहक मंच आले. दक्षिण मुंबई आणि मध्य मुंबई या दोन्ही जिल्ह्यांचे मंच अनेक वर्षं एकाच इमारतीत बसत आले: परळला, जनरल नागेश मार्गावर, महात्मा गांधी रुग्णालयाजवळच्या पुरवठा भवनात. ही जागा जरा डोळ्यांसमोर आणा. रुग्णालय कामगार विम्याचं. इमारत शिधावाटपाची. आजूबाजूला एकेकाळी गिरण्या. म्हणजे कामगाराला औषध, रेशन आणि न्याय एकाच गल्लीत. हे कुणी ठरवून केलं नसेल, पण लालबागच्या माणसाला ती पायरी परकी वाटली नाही.

आता 'कुणी' हा दुसरा प्रश्न. मंचापुढे वकील लागत नाही असं आपण सहज म्हणतो. ते सहजासहजी मिळालेलं नाही, आणि ही लढाई दक्षिण मुंबईच्याच मंचात सुरू झाली. २००० सालच्या दोन तक्रारी होत्या, सहल कंपन्यांविरुद्ध. तक्रारदारांच्या वतीने त्यांचा प्रतिनिधी बोलायला उभा राहिला. समोरून हरकत आली: हा सनदधारक वकील नाही, याला बोलायचा अधिकार काय? मंचाने हरकत मान्य केली. विचार करा, दोन दिवस कापलेल्या सहलीचे पैसे मागायचे तर आधी त्याहून जास्त फी वकिलाला द्यायची! मग छोट्या दाव्याला अर्थ काय राहिला? प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. २००२ मध्ये न्यायालयाने सांगितलं की ग्राहक मंचापुढे पक्षकाराच्या अधिकृत प्रतिनिधीला बाजू मांडता येते. २९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केलं आणि अशा प्रतिनिधींसाठी नियम करायला सांगितले. एका सहलीच्या तक्रारीतून देशभरच्या ग्राहकांचा बोलायचा हक्क पक्का झाला.

विमानाच्या बाबतीत मात्र एक अडचण उरत होती. विमान प्रवासाचा कायदा आंतरराष्ट्रीय आहे. १९२९ चा वॉर्सा करार झाला तेव्हा विमान कंपन्या रांगत्या वयाच्या होत्या. आपल्याकडे जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला विमान उतरवलं ते १९३२ साली. एका अपघाताने कंपनी बुडेल अशी भीती होती. म्हणून सौदा असा ठरला: नुकसान झालं तर दोष कंपनीचा धरायचा, पण भरपाईला वरची मर्यादा घालायची. दोष आपला नव्हता हे कंपनीने सिद्ध करायचं. आपल्याकडे हा करार १९३४ च्या आणि मग १९७२ च्या हवाई वाहतूक कायद्यातून आला. १९९९ चा मॉन्ट्रियल करार भारताला ३० जून २००९ पासून लागू झाला.

या करारात 'न्यायालय' असा शब्द आहे. मग परळच्या पुरवठा भवनातला मंच हे न्यायालय आहे का? कंपन्यांचा युक्तिवाद असा, की नाही, हा तर नुसता मंच. स्पेनला विमानाने पाठवलेल्या मालाच्या एका वादात हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ सप्टेंबर २०११ रोजी उत्तर मिळालं: करारापुरता ग्राहक मंच हे न्यायालयच. म्हणजे ऑगस्टमध्ये बोलायचा हक्क पक्का झाला आणि सप्टेंबरमध्ये बोलायची जागा.

त्याच वर्षीचा जुलै मात्र प्रवाशाच्या विरोधात गेला, तोही सांगायला हवा. डिसेंबर २००५ मध्ये दिल्लीच्या धुक्यात एक प्रवासी विमानातच तासन्‌तास अडकला. हैदराबादच्या कायमस्वरूपी लोकअदालतीने त्याला दहा हजार रुपये भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. धुकं कंपनीच्या हातात नसतं. मात्र त्याच निकालात न्यायालयाने हेही बजावलं की तिकीट स्वस्त आहे म्हणून अडकलेल्या प्रवाशांकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

इथे आपण तिसऱ्या आणि खऱ्या प्रश्नावर येतो: उत्तर कुणी द्यायचं? मॉन्ट्रियल कराराचं एकोणिसावं कलम सांगतं, उशिरामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी जबाबदार. सुटका एकाच वाटेने: नुकसान टाळण्यासाठी शक्य ते सर्व वाजवी उपाय केले, किंवा ते करणं अशक्य होतं, हे कंपनीने दाखवायचं. प्रवाशाला विमानाच्या इंजिनात काय बिघडलं हे कसं माहीत असणार? ज्याला माहीत आहे त्याने सांगावं. किती साधा न्याय आहे हा!

हाच न्याय ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेलाही लावला. २०१६ मध्ये जम्मूला जाणारी गाडी चार तास उशिरा पोहोचली आणि एका कुटुंबाचं श्रीनगरचं विमान चुकलं. त्यांना टॅक्सी करून जावं लागलं. उशीर का झाला हे रेल्वे दाखवू शकली नाही, म्हणून टॅक्सीचे पंधरा हजार, राहण्याचे दहा हजार आणि मनस्ताप व खर्चाचे पाच-पाच हजार तिला द्यावे लागले. रक्कम बघा. एवढ्याशा पैशासाठी रेल्वे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि ते कुटुंबही हटलं नाही.

युरोपात हे सोपं आहे. २००४ च्या तिथल्या नियमाने भरपाईचा आकडाच ठरवून दिला. २०१३ मध्ये तिथल्या न्यायालयाने सांगितलं की जोड-विमान चुकलं तर उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामी. ब्रेमेनहून अडीच तास उशिरा निघालेली प्रवासी पॅराग्वेत अकरा तास उशिरा पोहोचली आणि तिला सहाशे युरो मिळाले. नुकसान सिद्ध करावं लागलं नाही. आपल्याकडे मॉन्ट्रियलखाली आकडा ठरलेला नाही, फक्त कमाल मर्यादा आहे. नुकसान आपणच दाखवायचं. म्हणून पावती महत्त्वाची.

समजा लालबागचं एक जोडपं लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघालं आणि मधल्या विमानतळावर त्यांचं विमान चुकलं. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर होती का, हे आधी बघायचं. तसं असेल तर तो सगळा एकच प्रवास. वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर दुसरी कंपनी हात वर करते आणि दावा फार अवघड होतो. बोर्डिंग पास टाकायचे नाहीत. उशिराचं कारण काउंटरवरच लेखी मागायचं. हॉटेल, जेवण, नवं तिकीट, सगळ्याच्या पावत्या ठेवायच्या. मुदत दोन वर्षांची, करारातही तेवढीच आणि ग्राहक कायद्यातही तेवढीच. २०१९ चा कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, तेव्हापासून तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येते. आंतरराष्ट्रीय प्रवासात कराराच्या अटीही बघाव्या लागतात, पण जाऊन-येऊनच्या तिकिटाचं अंतिम ठिकाण सर्वसाधारणपणे मुंबईच धरलं जातं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आता म्हणाल, मग सगळं छान आहे? तसं नाही. कायदा साध्या तक्रारीला तीन महिने सांगतो आणि प्रत्यक्षात वर्षं जातात. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात, तारखा पडतात, निकालानंतर अपील होतं. धोबी तलावला जे झालं ते परळला होऊ शकतं. झटपट न्यायासाठी काढलेली जागा हळूहळू तारखांची जागा होते, हा धोका खरा आहे. तो टाळायचा तर ही जागा वापरात राहिली पाहिजे आणि तिच्याबद्दल ओरड करत राहिलं पाहिजे. १९७२ च्या बायकांनी लाटणी वाजवली ती काही एका दिवसापुरती नाही.

तर त्या म्हणीचं काय करायचं? ती खोटी नाही. पण ती ज्या कोर्टाबद्दल होती तिथे वकिलाशिवाय बोलणं सामान्य माणसाला अवघड होतं, आणि आपल्या नुकसानीचं कारण आपणच शोधून आणावं लागत होतं. परळच्या पायरीवर बोलायचं आपण असतं आणि उत्तर द्यायचं त्यांनी. मिळणारी रक्कम टॅक्सीच्या भाड्याएवढी असेल. पण देशोदेशी विमानं उडवणाऱ्या कंपनीला जनरल नागेश मार्गावर येऊन 'उशीर का झाला' हे सांगावं लागतं, यासाठी अडीचशे वर्षं गेली आहेत. पावत्या जपून ठेवा.