सौर विद्युत् प्रणाली, लघुउपग्रहांतील उलगडती

अगदी लहान उपग्रहांच्या बाजूंना घडी घालून ठेवलेल्या व अवकाशात गेल्यावर पंखांप्रमाणे उघडणाऱ्या सौर घटांच्या पट्टांची योजना. उपग्रह लहान केला की, त्याच्या पृष्ठभागावर पडणारा सूर्यप्रकाशही घटतो. परंतु दूरवर संदेश पाठविण्यास लागणारी विद्युत् शक्ती त्या प्रमाणात घटत नाही. या अडचणीतून ही योजना पुढे आली.

स्पुटनिक-१ (१९५७) हा पहिला कृत्रिम उपग्रह रासायनिक घटमालेवर चाले. त्याचे संदेश सु. तीन आठवड्यांत थांबले. अमेरिकेच्या सु. १.५ किग्रॅ. वस्तुमानाच्या व्हॅनगार्ड-१ (१९५८) या उपग्रहाच्या गोलाकार कवचावर सिलिकॉनाचे सौर घट बसविले होते. त्याचा रासायनिक घटांवरील प्रेषक तीन महिन्यांतच बंद पडला. सौर घटांवरील प्रेषक मात्र १९६४ पर्यंत चालू राहिला. ऑगस्ट १९५९ मध्ये सोडलेल्या सु. ६४ किग्रॅ.च्या एक्सप्लोरर-६ ला उघडणारे चार पंख होते. त्यांपैकी एक पूर्णपणे न उघडल्याने अपेक्षेच्या सु. ६३ टक्केच शक्ती मिळाली व दुरून येणारे संदेश क्षीण झाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील रॉबर्ट ट्विग्ज व कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकमधील जॉर्डी प्विग-सुआरी यांनी १९९९ मध्ये १० सेंमी. बाजूच्या घनाकार ‘क्यूबसॅट’चे मानक मांडले. वातावरणाबाहेर दर चौ. मी.वर सु. १,३६१ वॉट सौर शक्ती पडते. म्हणजे अशा घनाच्या एका बाजूवर जेमतेम १४ वॉट पडतात व ३० टक्के कार्यक्षमतेच्या घटांपासूनही सु. ४ वॉटच मिळतात. पृथ्वीच्या छायेत तेही मिळत नाहीत. त्यामुळे पट्ट स्प्रिंगच्या बिजागऱ्यांनी जोडून दोऱ्याने बांधून ठेवतात. कक्षेत विद्युत् प्रवाहाने तापलेल्या तारेने दोरा वितळतो व पट्ट उघडतात. दोरा तुटला नाही वा बिजागरी अडकली, तर दुरुस्तीस वाव नसतो.

मे २०१८ मध्ये सोडलेल्या ‘मार्को’ या जुळ्या उपग्रहांनी ही योजना मंगळापर्यंत नेली. उघडलेल्या दोन पट्टांपासून प्रत्येकास पृथ्वीजवळ सु. ३५ व मंगळाजवळ सु. १७ वॉट शक्ती मिळे. तेवढ्या शक्तीवर त्यांनी २६ नोव्हेंबर २०१८ रोजी इनसाइट यानाच्या अवतरणाचे संदेश पृथ्वीवर पोहोचविले.