बाळोत्यांचें शेवटचें पाणी

बाळोतें हा शब्द शहरांतील नव्या घरांत आतां क्वचितच ऐकूं येतो. त्याची जागा 'नॅपी'नें घेतली आहे. पण कापडाची नॅपी वापरणाऱ्या घरांत वस्तु मात्र तीच आहे. जुन्या लुगड्याचा किंवा धोतराचा चौकोनी तुकडा अर्भकाच्या कमरेखालीं घालावयाचा, भिजला कीं काढावयाचा, आणि धुऊन-वाळवून पुन्हां वापरावयाचा. यासाठीं जुनेर घेण्यांत केवळ काटकसर होती असें समजूं नये. नव्या सुती कापडांत गिरणीची खळ असते, आणि कापसाच्या तंतूंवर मेणासारखा एक अंशही असतो. तो पाण्याला सहजासहजीं आंत शिरूं देत नाहीं. शेंकडों वेळां धुतलेलें धोतर पाणी चटकन शोषून घेतें व कोंवळ्या कातडीला बोंचत नाहीं. आजीबाईंना याचें शास्त्र सांगतां आलें नसतें. पण त्यांचें त्यावांचून कांहीं अडलेंही नाहीं.

धुण्याचीं साधनें म्हणजे चुलींतील राख, रिठे आणि खार. वऱ्हाडांत लोणारच्या सरोवरांतून असा खार निघत असे. राखेंतील क्षार मळ सैल करतात, रिठ्याचा फेस तो उचलून धरतो. या पदार्थांचा मोठा गुण असा कीं, भरपूर पाण्यांत ते कापडांतून निघून जात, आणि नदीला पाण्याची वाण नव्हती. त्याच नदीच्या खालच्या घाटावर कोणी घागर भरीत असेल, याचा विचार मात्र फारसा होत नसे. जुन्या काळाची थोरवी गातांना ही गोष्टही ध्यानांत ठेवलेली बरी.

पुढें युरोपांत रसायनशास्त्रानें धुण्याचें रूप पालटलें. निकोलस लब्लाँ या फ्रेंच गृहस्थानें १७९१ सालीं साध्या मिठापासून सोडा करण्याच्या कृतीचें पेटंट मिळविलें. १८६१ सालीं बेल्जियममध्यें अर्नेस्ट सॉल्वे यानें त्याहून स्वस्त रीत काढली. सोडा स्वस्त झाला तसा साबणही स्वस्त झाला, आणि १८८८ सालीं सनलाइट साबणाच्या वड्या कलकत्त्याच्या बंदरांत उतरल्या. साबणामुळें श्रम वांचले खरे. पण विहिरीच्या जड पाण्यांत त्याचा चुन्याशीं संयोग होऊन एक चिकट सांका तयार होतो. तो तंतूंत बसला कीं बाळोतें ताठ होतें, त्याची शोषणशक्ति कमी होते आणि तें बाळाच्या मांड्यांना घांसतें. तेव्हां आतां नवाच प्रश्न पुढें आला. कापडांतून मळ निघाला. पण मळ काढण्यासाठीं जें घातलें, तें निघालें काय?

या प्रश्नाची हेळसांड किती महाग पडते, याचा दाखला १८८६ सालीं लंडनमध्यें मिळाला. तेथील कांहीं नवजात अर्भकें एकाएकीं निळीं पडूं लागलीं. शोध घेतां, बाळोत्यांवर ओळखीसाठीं उमटविलेल्या शाईंत अ‍ॅनिलीन हें द्रव्य असल्याचें आढळलें. तें ओल्या कापडांतून कातडीवाटे रक्तांत शिरे व रक्ताची प्राणवायु वाहण्याची शक्तीच हरण करी.

तरीही पुढील धडा घ्यावयास फार काळ गेला. अमेरिकेंतील सेंट लुई शहरचे बालरोगतज्ज्ञ जीन कूक यांनीं १९२१ सालीं दाखविलें कीं, विष्ठेंतील एक जंतु ओल्या बाळोत्यांत लघवीपासून अमोनिया तयार करतो. बाळाच्या कातडीवर उठणाऱ्या पुरळाचें कारण तेंच, असें त्यांचें मत पडलें, आणि जंतु मारण्यासाठीं बाळोतीं पाऱ्याच्या एका तीव्र क्षाराच्या पाण्यांतून काढण्याचा उपाय पुढें आला. हेतु निर्मळ होता यांत शंका नाहीं. परंतु हातपाय गुलाबी पडून लेकरें वेदनेनें तळमळत, अशा एका रोगाचा संबंध पाऱ्याशीं असल्याचें वॉर्कनी व हबर्ड यांनीं १९४८ च्या सुमारास दाखविलें. दांत येतांना देण्याच्या भुकट्यांप्रमाणेंच बाळोत्यांतील पाराही त्यांच्या संशयांत होता.

आणि १९६७ सालीं त्याच सेंट लुई शहरांत एका लहानशा रुग्णालयांत घडलें तें ऐकून कोणाच्याही अंगावर कांटा उभा राहील. तेथील नवजात बालकांना दरदरून घाम सुटूं लागला. ताप चढे, श्वास व नाडी जलद होत, यकृत सुजे. डॉक्टर सांथीचा शोध घेत होते, पण सांथ नव्हतीच. रुग्णालयाच्या धुलाईखान्यांत कापडाला बुरशी लागूं नये म्हणून शेवटच्या पाण्यांत एक चूर्ण घालीत. त्यांत लांकडाला कीड लागूं नये म्हणून वापरण्याचें पेंटाक्लोरोफेनॉलच्या जातीचें विष होतें. त्यानंतर कापड पुन्हां साध्या पाण्यांतून काढीत नसत. दिसावयास बाळोतीं शुभ्र होतीं, वासही नव्हता. विष मात्र त्यांच्या तंतूंत होतें. कांहीं बालकांचें रक्त बदलल्यावर तीं वांचलीं. दोन दगावलीं.

इतकें होऊनही १९८० सालीं ब्यूनोस आयरेस येथें बाळोतीं धुऊन पुरविणाऱ्या एका धंद्यानें पाऱ्याचें बुरशीनाशक वापरलें, आणि हजारों अर्भकांच्या अंगाशीं तीं बाळोतीं लागलीं.

१९८६ सालच्या प्रयोगांनीं कूक यांचें मतही सुधारून घ्यावें लागलें. अमोनिया हा एकटा अपराधी नव्हे. त्याच्यामुळें आम्लता घटून विष्ठेंतील पाचक द्रव्यांचें बळ वाढतें, आणि तीं कातडी जाळतात. म्हणजे जंतूंवर विषप्रयोग करण्यापेक्षां मळ व ओल अंगाशीं राहूं न देणें महत्त्वाचें. घरांतल्या धुण्याचा क्रमही त्यावरूनच ठरतो. प्रथम विष्ठा झटकून थंड पाण्यांत बाळोतें खळबळावें. आधींच कढत पाणी घातलें तर डाग पक्का बसतो. मग गरम पाणी, साबण, आणि पाणी जड असेल तर चिमूटभर धुण्याचा सोडा. त्यानंतर फेस अजिबात दिसेनासा होईपर्यंत साध्या पाण्यांतून काढीत राहावें. हीच पायरी कंटाळ्यानें गाळली जाते. वाळलेलें बाळोतें भिजतांच उग्र वास मारूं लागलें, तर धुण्यांत कांहींतरी मागें राहिलें आहे असें समजावें. कापड मऊ करण्याचे सुगंधी द्रवही तंतूंवर लेप देऊन शोषण कमी करतात. बाळोत्याला त्यांची गरज नाहीं. वाळवण्यास ऊन उत्तम. पावसाळ्यांत शेगडीवर टोपली उपडी घालून तीं सुकविण्याची जुनी रीत आहे, पण निखारे व धूर यांमुळें ती बाळाच्या खोलींत करूं नये.

पुढच्या भावंडासाठीं धुऊन ठेवलेल्या बाळोत्यांच्या पेटींत डांबराच्या गोळ्या टाकण्याचीही अनेक घरांत चाल आहे. कांहीं मुलांच्या रक्तांत जन्मतःच एका द्रव्याची उणीव असते; मुंबईच्या पारशी समाजांत ती अधिक आढळते. अशा अर्भकाच्या अंगीं या गोळ्यांचा अंश कपड्यांतून गेला, तर रक्तांतील तांबड्या पेशी फुटून त्याला तीव्र कावीळ होते. ही उणीव वरून दिसत नाहीं. तेव्हां त्या पेटींत गोळ्यांऐवजीं कडुनिंबाचीं सुकलेलीं पानेंच घालावींत, आणि पेटी उघडल्यावर बाळोतीं एकदां पाण्यांतून काढून उन्हांत टाकावींत.