बेसवाला आणि बेसचं यंत्र

रोलँड या जपानी कंपनीनं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला टीबी-303 नावाचा चंदेरी डबा बाजारात आणला. त्याचं काम एकच, बेस गिटार वाजवणाऱ्याची जागा भरून काढणं. एकट्यानं रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला साथीला कुणी नसेल, तर खर्ज हा डबा सांभाळणार. पण तो बेस गिटारसारखा वाजेचना. गिऱ्हाईक फिरकेना, आणि 1984पर्यंत त्याचं उत्पादन थांबलं. मुंबईतल्या एका माणसानं मात्र तो घेतला होता, आणि तो माणूस स्वतःच बेस गिटार वाजवून पोट भरत होता.

चरणजित सिंग. राहुलदेव बर्मन, शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदांत बेस आणि ट्रान्झिकॉर्ड हा इलेक्ट्रॉनिक अकॉर्डियन वाजवणारे. मी कीबोर्डवाला. दादरच्या एका छोट्या स्टुडिओत मालिकांचं पार्श्वसंगीत करत आलो. मध्यंतरी एका निर्मात्याकडून निरोप आला की दुःखाचे आणि ताणाचे तुकडे यापुढे एआयवरच बनतील. तेव्हापासून चरणजित सिंगांची 1982ची रेकॉर्ड मी पुन्हा पुन्हा ऐकतोय.

ती ज्या जगातून आली ते जग ताडदेवचं फिल्म सेंटर, फेमस, वांद्र्याचं मेहबूब अशा स्टुडिओंचं होतं. गायकासकट सगळे एकाच टेकमध्ये वाजवत. पन्नास व्हायोलिनांत एकाचा गज घसरला की पुन्हा पहिल्यापासून. गोव्याच्या चर्चशाळांत सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य स्वरवाचन, शिकून आलेले वादक समोरचा कागद पाहताक्षणी वाजवत, हिंदुस्थानी पद्धतीचे वादक सरगम लिहून घेत. त्या काळात रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक असत. वादकांची नावं बहुधा नसतच.

स्वतःचं काही वाजवावं ही ओढ तिथंही होती. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे, स्वतः निष्णात अरेंजर. त्यांनी 1958मध्ये इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर स्वतःच्या रचना बांधल्या आणि सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे गायला होते. पण एवढ्या माणसांना एकत्र बसवायचं तर पैसा लागतो, आणि तो वर्षानुवर्षं कोण देणार? 1965मध्ये गोन्साल्विस अमेरिकेला गेले. 1977च्या 'अमर अकबर अँथनी'त त्यांचं नाव घराघरात पोचलं, पण ते अमिताभच्या पात्राचं म्हणून. मला या गोष्टीचा अजूनही त्रास होतो.

वादकाला स्वतंत्र व्हायचं तर शंभर माणसं हवीत, ही अडचण यंत्रांनी सोडवली. चरणजित सिंगांनी तीन यंत्रं जमवली. ठेक्याला टीआर-808, खर्जाला 303, आणि रागाच्या सुरावटीला ज्युपिटर-8. रेकॉर्डवर दहा राग आहेत, त्यांत भैरवी, ललत, भूप, तोडी, मधुवंती, कलावती, मालकंस.

303वर काम करणं किचकट. आधी सुरांची रांग भरायची, मग वेगळ्या फेरीत त्यांची लय. प्रत्येक सुराला दोन खुणा देता येतात, एक आघाताची, दुसरी घसरणीची. घसरण दिली की एक सूर तुटून दुसऱ्यात जात नाही, ओढला जातो. बाकीच्यांना या डब्यात वाईट बेस गिटार ऐकू आली. चरणजित सिंगांच्या हातात तो डबा मींडीच्या जवळ गेला. तोडीचा गंधार हवा तितका उतरत नाही, कारण पट्ट्या पाश्चात्त्य स्वरांतरांच्या. पण ललतातले दोन मध्यम लागोपाठ येतात तेव्हा वाजवणाऱ्याचं शिक्षण स्पष्ट ऐकू येतं.

रेकॉर्ड आपटली. 1987मध्ये शिकागोच्या फ्युचर या गटानं त्याच 303वर 'अॅसिड ट्रॅक्स' केलं आणि जगभर एक नवा नृत्यसंगीतप्रकार पसरला. 2010मध्ये एका डच संग्राहकानं चरणजित सिंगांची रेकॉर्ड पुन्हा काढली, तेव्हा काहींना ती बनावटच वाटली. सत्तरीच्या चरणजित सिंगांनी मग युरोपात ती यंत्रं घेऊन कार्यक्रम केले. 2015मध्ये ते मुंबईत वारले.

इथं मुंबईत तंतुवाद्यांचे सँपल केलेले आवाज आले आणि नव्वदच्या दशकात व्हायोलिनांच्या रांगा ओस पडल्या. माझी पिढी त्याच कीबोर्डांवर जगली. आता आमच्यावर वेळ आलीय, पण फरक आहे. 303 रिकाम्या पोटी आला होता. त्यात सूर भरावे लागत. एआय भरल्या पोटी येतो, आणि ते पोट कुणाच्या ध्वनिमुद्रणांनी भरलं यावरूनच 2024च्या जूनमध्ये बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी सुनो आणि युडिओ या एआय-संगीत कंपन्यांवर अमेरिकेत दावे लावले. त्या दाव्यांत वादकाच्या हाती काय लागेल याची मला फारशी आशा नाही. मला हवाय तो रिकामा डबा.

चरणजित सिंगांनी एक गोष्ट सोडून दिली होती, ती म्हणजे ताल. दहाही राग डिस्कोच्या चार मात्रांवर धावतात, आणि मालकंस तिथं मला घाईत वाटतो. वास्तविक 808ला सोळा घरं भरायची सक्ती नाही. शेवटचं घर चौदावं ठरवलं की मात्रेला दोन घरं धरून रूपक बसतो. निर्मात्याचं काम गेल्यापासून सकाळचा वेळ मोकळा असतो. रूपक बसलाय, झपतालाला वीस घरं लागतात म्हणून तो दहा-दहाच्या दोन तुकड्यांत जोडून पाहतोय.